जपानला इंग्रजी शिकवायला येऊ इच्छिणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: बार्शीकडच्या अनुदानित शाळेत आठ वर्षं इंग्रजी शिकवताय, एम.ए., बी.एड. झालंय, दहावीपर्यंत सगळं मराठी माध्यमात, वय ३३. राजीनामा देऊन जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला यायचं आणि जमलं तर इकडच्या-तिकडच्या इंग्रजी अध्यापनावर संशोधनही करायचं.

राजीनामा देऊ नका. बाकीचं नंतर.

इथल्या शाळेत परदेशी भाषा शिकवायला जो व्हिसा लागतो, त्याला एक अट आहे. जी भाषा शिकवायची, त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. तुमची मोजू. अकरावी-बारावी इंग्रजीतून झाली असं धरलं तरी दोन, बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन, बी.एड.ची दोन. नऊ. बोटं कितीही वेळा मोजली तरी बारा होत नाहीत. एजंट सांगतात, "मॅडम, करून देतो." तसं करून दिलेले कागद पुढे अंगाशी येतात.

माझी बारा भरली, कारण आईवडिलांनी नाशिकला पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घातलं. त्यात माझं कर्तृत्व शून्य. आणि गंमत अशी की मराठी माध्यमातल्या पोराला इंग्रजी कुठे आणि का अडतं, हे तुम्ही जाणता तेवढं मी जाणत नव्हतो. नियमाने मला आत घेतलं आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याला दारात उभं केलं. चिडून उपयोग नाही, पण हे तुमच्या संशोधनाच्या अर्जात नक्की कामाला येईल. त्यावर खाली लिहितो.

खाजगी इंग्रजी संभाषणाचे क्लास असतात, त्यांना 'एइकाइवा' म्हणतात. त्यांचा व्हिसा वेगळ्या गटातला, तिथे कागदोपत्री पदवी चालते. पण जाहिरातीत बहुतेकदा 'नेटिव्ह' हवा असतो, काम संध्याकाळी-रात्री, आणि पुष्कळ ठिकाणी शिकवण्याइतकंच विद्यार्थ्यांच्या गळ्यात जास्तीचे तास मारणंही येतं. आठ वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंनी त्यासाठी घर सोडू नये, असं माझं मत.

शाळेतली माझी नोकरी कसली, तेही ऐका. मी 'एएलटी', म्हणजे सहाय्यक भाषा शिक्षक. जपानी शिक्षक टी-वन, मी टी-टू. धडा त्यांचा, गुण त्यांचे, पालक त्यांचे. जपानी शिक्षक-परवाना नसेल तर यापुढे सहसा जाता येत नाही. पहिली तीन वर्षं मी एका पुरवठादार कंपनीतर्फे होतो. ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगार कापून यायचा, भाडं मात्र पूर्ण. अशा नोकऱ्यांत महिना दोन-अडीच लाख येन सांगतात. त्याचे रुपये करून भुलू नका, खर्चही येनमध्येच होतो.

आता वर्गात या. हमामात्सू, माध्यमिक शाळा, दुसरं वर्ष म्हणजे आपली आठवी, ३६ मुलं. (सुझुकीचं मुख्यालय याच गावात, म्हणून मारुतीमुळे आपले लोक अधूनमधून भेटतात.) पहिल्या आठवड्यात मी एका मुलाला विचारलं, रविवारी काय केलंस? तो उठला, गप्प. मग चक्क शेजाऱ्याकडे वळून कुजबुजला, शेजाऱ्याने मागच्याला विचारलं. नाशिकच्या हिशोबाने याचा अर्थ 'येत नाही, आणि वर कॉपी'. मी पुढच्या मुलाकडे गेलो. तास संपल्यावर टी-वन बाई अगदी हळू म्हणाल्या, तो उत्तर देत होता, तुम्ही थांबला नाहीत. चुकीचं उत्तर सगळ्यांदेखत देण्यापेक्षा आधी चार जणांत पक्कं करून मग बोलायचं, ही त्यांची रीत. आता मी आधी जोडीत बोलायला देतो, मग विचारतो. तोच मुलगा पुढे बरं बोलला.

तुमच्या विषयातलं सगळं वाचन मला या एका प्रसंगाने नीट कळलं. बोलतं इंग्रजी शिकवायची जी पद्धत जगभर विकली गेली, ती घडली फी भरून आलेल्या दहा-बारा प्रौढांच्या खोलीत. इंग्रजी अध्यापनाचे ब्रिटिश अभ्यासक एड्रियन हॉलिडे यांनी १९९४ मध्ये हेच दाखवलं होतं: सरकारी शाळेचा भरलेला वर्ग ही वेगळीच संस्कृती, तिथे तीच पद्धत उचलून ठेवली की बिघडते. आणि आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ बंगळूर, मद्रासकडच्या साध्या शाळांत, खडू-फळ्यावर, व्याकरण न सांगता नकाशे, वेळापत्रकं, कोडी सोडवून घेत इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. आज जगभर 'टास्क'वर आधारित म्हणून जे शिकवतात, त्याचं एक मूळ तिथे आहे. इथल्या प्रशिक्षणात ते मला परदेशी शोध म्हणून शिकवलं गेलं. मी हात वर केला नाही. आता वाटतं, करायला हवा होता.

जपानमध्ये शाळकरी इंग्रजीचं मूळ वेगळं. शेकडो वर्षं चिनी मजकूर खुणा करून, शब्दांचा क्रम उलटवून जपानीत वाचायची सवय. तीच इंग्रजीला लागली, तिला 'याकुदोकु' म्हणतात. वाक्याच्या शेवटी जायचं, तिथून अर्थ लावत मागे यायचं. आपली मुलं भाषांतर करताना हेच करतात की! कारण मराठीसारखंच जपानीतही क्रियापद शेवटी. 'आय मँगो ईट' लिहिलेलं पाहून अमेरिकन सहकारी कपाळाला हात लावतो, मला ते वाक्य कुठून आलं ते लगेच दिसतं. तुम्हालाही दिसेल.

सरकारी पातळीवर इथे २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजीची तोंडओळख सक्तीची झाली. २०२० मध्ये तो गुणांचा विषय झाला आणि तोंडओळख तिसरीवर आली. महाराष्ट्राने २००० मध्येच पहिलीपासून इंग्रजी आणलं. कोण पुढे, हा वाद सोडा. दोन्हीकडे प्राथमिकच्या ज्या बाईंना स्वतःला इंग्रजी बोलायची सवय नव्हती त्यांच्याच हातात ते पुस्तक पडलं, हे मात्र सारखं.

तुमच्यासाठी रस्ता मला दिसतो तो असा. जपान सरकारच्या शिष्यवृत्त्यांत 'टीचर ट्रेनिंग' नावाची एक आहे. पदवी, शाळेत शिकवल्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव आणि वय ३५ च्या आत. तुम्ही बसता, पण घड्याळ चालू आहे. साधारण दीड वर्षाचा कार्यक्रम, सुरुवातीला जपानी भाषा, मग विद्यापीठात प्राध्यापकाच्या हाताखाली अभ्यास आणि शाळांना भेटी. पदवी मिळत नाही, प्रमाणपत्र मिळतं. परत येऊन शिकवणं अपेक्षित असतं, म्हणूनच राजीनाम्याऐवजी रजेचं बोला. जाहिरात साधारण हिवाळ्यात येते, दूतावासाचं संकेतस्थळ बघत राहा. पदवीच हवी असेल तर संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती वेगळी, तिला लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. दोन्हींना संशोधनाचा आराखडा मागतात.

आणि आराखड्यात 'भारत आणि जपानमधील इंग्रजी अध्यापन पद्धतींचा तौलनिक अभ्यास' असलं काही लिहू नका. एवढ्या मोठ्या विषयात प्राध्यापकाला धरायला काहीच सापडत नाही. त्याऐवजी तुमच्या सहावीच्या वह्या उघडा. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी लिहिलेली असेल: 'डेस्क', 'मिल्क', 'नॉलेज'. माझ्या वर्गातली मुलं तेच कातकानात, म्हणजे परकीय शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहितात, फक्त त्यांचं 'देसुकु', 'मिरुकु' होतं, कारण त्या लिपीत जोडाक्षर नाही. आपली लिपी जोडाक्षराला वाकबगार, पण 'व' एकच. मी 'वेस्ट' म्हणालो की बंडी म्हणालो की पश्चिम, हे टी-वन बाईंनी मला दोनदा विचारलंय. शिक्षक ही पेन्सिल खोडायला लावतात. ती मुलाला मदत करते की अडवते, कितवीपर्यंत, कोणत्या शब्दांना? हा प्रश्न नाशिकच्या इंग्रजी शाळेतल्या मला सुचलाच नसता. तो तुमचा आहे.

म्हणून एक काम आत्ताच करा. मुख्याध्यापकांकडून आणि पालकांकडून लेखी परवानगी घेऊन दोन वर्गांच्या वह्यांचे फोटो काढून ठेवा, नावं झाकून. मे महिन्यात त्या रद्दीत जातात.