चुंबक नको, पेन्सिल घे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. परीक्षा संपली की दोरीला मोठा चुंबक बांधून नदीच्या डोहात जुन्या वस्तू शोधायच्या, असं तू लिहिलं आहेस. नदीच्या तळाशी इतिहास पडलेला असतो हे तुला या वयात उमगलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण चुंबक नको.

चुंबकाला लोखंड चिकटतं. तांबं, चांदी, कासं, दगड, खापर, लाकूड यांतलं काही त्याला लागत नाही. घाटावरच्या पोरांना चुंबकाने नाणी मिळतात ती आजची, स्टीलची. शिवराई तांब्याची. ती तळाशीच राहील, पण तुझा चुंबक गाळ उकरत गेला की तिच्या आजूबाजूचं सगळं विस्कटेल. माझी खरी धास्ती ती आहे.

फ्रान्समध्ये आर्ल गावातून ऱ्होन नदी वाहते. पाणी गढूळ, ओढ जबरदस्त. ल्यूक लाँग या पुरातत्त्वज्ञाने तिथे वर्षानुवर्षं बुड्या मारल्या. २००४ साली तिथल्या गाळात रोमन काळातली ३१ मीटर लांबीची सपाट तळाची मालवाहू नाव सापडली आणि २०११ मध्ये ती तुकड्यातुकड्यांनी वर काढली. नावेच्या पुढच्या टोकाला, फळ्यांच्या मध्ये, चांदीचं एक छोटं नाणं होतं. बांधणाऱ्याने शुभ म्हणून ठेवलेलं असावं. ते नाणं रोममध्ये पाडलेलं, इसवी सनापूर्वी १२३ चं. नाव मात्र इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर बांधलेली. म्हणजे नाणं नावेपेक्षा पावणेदोनशे वर्षांनी जुनं! कुणी ते एकटंच उचलून नेलं असतं तर ते फक्त एक जुनं नाणं उरलं असतं. एवढं जुनं नाणं जपून ठेवून कुणीतरी नव्या नावेत बसवलं, ही गोष्ट जागेमुळेच कळली.

आपल्याकडचं उदाहरण दायमाबादचं. १९७४ साली प्रवरेकाठी झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला चार भरीव ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीच्या रथात उभा असलेला माणूस. त्या शेतकऱ्याची यात काही चूक नाही. त्याच्यामुळेच त्या जगाला मिळाल्या. पण शास्त्रशुद्ध उत्खननात, थराची नोंद होऊन त्या निघाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांमध्ये वाद होत राहिला. इतक्या सुंदर मूर्तींना आपलं वय खात्रीने सांगता येऊ नये, याची मला आजही हळहळ वाटते.

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानित्सा नदीचं असंच झालं. तळाशी तलवारी, भांडी, दागिने इतके, की हौशी पाणबुड्यांनी ढिगाने उचलून घरी नेले. शेवटी २००३ मध्ये नदीच्या त्या पट्ट्याला राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारकाचं संरक्षण द्यावं लागलं. पुढे २००८ मध्ये तिथे पुरातत्त्वज्ञांना यू झाडाच्या लाकडाचं एक टोक मिळालं, वीतभरही नसलेलं. वय निघालं सुमारे ४० हजार वर्षं. तलवारी शोधणाऱ्याने ते काटकी समजून बाजूला सारलं असतं.

लाकडाचं निघालं म्हणून माझी एक चूक सांगते. शिकत असताना एका खाडीच्या गाळातून मी जुन्या नावेच्या फळीचा तुकडा वर आणला. हाताला घट्ट, गुळगुळीत लागला. धुऊन गच्चीवर उन्हात ठेवला. चार दिवसांत तो आक्रसला, उभा चिरला आणि बोटाने दाबल्यावर त्याच्या पापड्या सुटल्या. शेकडो वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या आतला जीव निघून गेलेला असतो, पाणीच त्याचा आकार धरून ठेवतं. आर्लच्या नावेत पाण्याच्या जागी मेणासारखं एक रसायन मुरवून, मग गोठवून वाळवावं लागलं. मला हे माहीत नव्हतं. ज्या तुकड्याला पाण्याने एवढी वर्षं सांभाळलं, तो मी चार दिवसांत घालवला.

आता आम्ही पुरातत्त्वज्ञ पाण्याखाली करतो त्या प्रत्यक्ष कामाबद्दल. सिनेमातलं निळं, नितळ पाणी डोक्यातून काढून टाक. नदीत बऱ्याचदा स्वतःचा पंजाही दिसत नाही. तळाशी खुंटी रोवायची, तिला दोरी बांधायची, दोरी ताणून धरत गोल फिरायचं आणि मोकळ्या हाताने तळ चाचपायचा. फेरी पूर्ण झाली की दोरी हातभर सैल करून पुन्हा. वर कुणीतरी दुसरी दोरी धरून बसलेलं असतं; किती हिसके म्हणजे काय, हे आधी ठरलेलं असतं. त्या अंधारात खापराची कड बोटाला ओळखू येते. दगडाची कड बोथट आणि थंड, खापराची किंचित खरखरीत, आणि अंगठा फिरवला की भांड्याचा बाक लागतो. तो लागला की उचलायचं नाही. खुंटीपासून अंतर मोजायचं, दिशा घ्यायची, प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. पेन्सिल पाण्यातही उमटते. आपल्या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं हत्यार तेच.

कायदाही ध्यानात ठेव. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदा आहे.

डायव्हिंगची घाई करू नकोस. आधी पुरातत्त्वशास्त्र शीक. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. पाण्यातलं काम पाहायचं तर गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालच्या कामाचा विभागही २००१ पासून आहे. डोहात एकटी मात्र कधीही उतरू नकोस. भोवरे आणि कपारी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाहीत.

मे महिन्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. तेव्हा इकडे ये. टेप, होकायंत्र, फूटपट्टी आणि चार पेन्सिली आण. पहिल्या दिवशी फक्त देवळाभोवतीच्या दगडांचा नकाशा काढायचा, एकही दगड न हलवता. ऊन फार असतं, टोपी विसरू नकोस.

तुझी,
मावशी