सहा माणसांसाठी स्वस्त गाडी: इको, ट्रायबर की जुनी अर्टिगा?

भाऊ, तुम्ही विचारलंय की घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा, बजेट सात लाख, राहणं नागपूरला. तर मारुतीची सेकंडहँड सात सीटर इको घ्यावी, रेनोची नवी ट्रायबर घ्यावी की मारुतीचीच जुनी अर्टिगा? चार वर्षांपूर्वी मीही असाच रोज संध्याकाळी गाड्या पाहत फिरायचो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एसीचं बोलू, कारण आपल्याकडे सगळं तिथंच अडतं. 23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 ला टेकला होता. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. आणि सात सीटर इकोला कंपनीनं एसी दिलाच नव्हता, एसी होता तो पाच सीटरला. (2025 पासून सात सीटर बंद करून सहा सीटर आणली, पण तुम्ही जुनी बघताय.) एका मे महिन्यात आम्ही मामेभावाची बिनएसी गाडी घेऊन भंडाऱ्याला लग्नाला गेलो होतो. जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. खिडकी उघडली की झळा, लावली की भट्टी. मौद्यापर्यंत माझ्या आईनं ओला पंचा तीनदा डोक्यावर बदलला आणि मांडवात पोचल्यावर आधी कांद्याचा तुकडा मागितला. त्यात इकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, म्हणजे उन्हाळ्यात ड्रायव्हरला बुडाखालूनही शेक.

इकोला नावं ठेवत नाही. सरकता दरवाजा इतवारीच्या गल्लीत सोन्यासारखा, शेजारची गाडी वीतभर अंतरावर असली तरी माणसं उतरतात. मागच्या चाकांना ताकद, दुरुस्ती कुठल्याही गावात. दुकान असतं, माल न्यायचा असता, तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं. पण 2016 च्या ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला शून्य तारे मिळाले होते, आणि उंच, हलकी, अरुंद टायरची गाडी समृद्धी महामार्गावर ताशी 120 नं पळवायची नसते. मुलांना मागं बसवून तर नाहीच.

आता ट्रायबर. ही स्वस्त का पडते ते आधी समजून घ्या. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन 999 सीसी. चार मीटर आणि 1200 सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के आहे. अर्टिगा चार मीटरहून लांब आणि 1462 सीसी, नवी घेतली तर तिला 40 टक्के. पण चार मीटरमध्ये तीन रांगा बसवल्या की डिकी कुठून येणार? सगळ्या सीटा लावल्या तर 84 लिटर जागा उरते. दोन शाळेची दप्तरं आणि एक डबा, झालं. तिसरी रांग काढली की तीच जागा 625 लिटर. म्हणजे सहा माणसं न्या नाहीतर सहा माणसांचं सामान.

इंजिन 72 पीएस ताकदीचं. शहरात, दोघं-चौघं असताना काही वाटत नाही. पण सहा जण, एसी फुल आणि रामटेकच्या गडाचा चढ म्हटल्यावर एक लिटरच्या कुठल्याही गाडीला गिअर उतरवावाच लागतो. घाई करणारा ड्रायव्हर असाल तर चिडचिड होईल. मागच्या दोन्ही रांगांना एसीचे झरोके मिळतात, मात्र कुठल्या व्हेरियंटला ते शोरूममध्ये बोट लावून बघा. माहितीपत्रकावर जाऊ नका.

माझ्या ट्रायबरच्या सुट्या होणाऱ्या सीटांची फजिती सांगतो. सीटा काढून चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या, आणि विसरलो. दिवाळीत बहीण-भाऊजी आले, कोराडीला देवीच्या दर्शनाला जायचं ठरलं. शिडी लावून वर चढलो तर शेजारची मांजर त्या सीटांवर व्यालेली. चार पिल्लं. आईनं हात लावू दिला नाही. घरात सात सीटर गाडी असून आम्ही ऑटो करून गेलो. तेव्हापासून एक सीट कायम लावून ठेवतो.

जुनी अर्टिगा या दोघींपेक्षा सुखाची, यात वादच नाही. सगळ्या सीटा लावूनही 209 लिटर डिकी, मधल्या रांगेला छताला वेगळा ब्लोअर. पण सात लाखांत मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या टॅक्सीत फिरलेल्या असतात. पिवळी पाटी काढून पांढरी केलेली गाडी आरसीचा (नोंदणी पुस्तकाचा) इतिहास काढला की कळते. मला एका दलालानं 'डॉक्टरसाहेबांची, एकहाती' म्हणून दाखवली होती, ब्रेकचं पेडल मात्र गुळगुळीत झिजलेलं. सीएनजीवाली घेणार असाल तर टाकी डिकी खाते, आणि 2022 मध्ये नागपुरात सीएनजी किलोला 120 रुपयांपर्यंत गेला होता हे विसरू नका. सीएनजी म्हणजे कायमचं स्वस्त, असं आपल्याकडे तरी धरून चालता येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: वर्षातून चार-पाचदाच सहा जण एकत्र निघत असाल तर ट्रायबर, आणि तिसऱ्या रांगेत मुलं. महिन्यातून दोनदा गावी जाणं असेल तर थोडी जुनी पण घरगुती वापरातली अर्टिगा, ओळखीच्या मेकॅनिकला लिफ्टवर चढवून दाखवून. इको नको.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. दुपारी दोनला, आई-बाबांना घेऊन जा आणि आईंना तिसऱ्या रांगेत चढून-उतरून बघू द्या. माझ्या आईनं चढायला पाय उचलला, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'मी समोरच बसतो बाप्पा, मागं तू बस.'