अळणी नको, पीस चालेल

प्रश्न : आईला किडनीचा आजार आहे. वय 62, वजन 55 किलो. रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चालतं ते दाखवणारा आकडा) 2.4, पोटॅशियम 5.3. डायलिसिस नाही. डॉक्टरांनी प्रथिनं दिवसाला 44 ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगितली आहेत. घरातले म्हणतात, पीस बंद करा, नुसतं अळणी (चिकन शिजवलेलं पाणी) प्यायला द्या. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नेमकं उलट करा. चिकन शिजताना त्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस बऱ्याच प्रमाणात पाण्यात उतरतं, प्रथिनं मात्र बहुतेक पिसातच राहतात. म्हणजे अळणी हलकं म्हणून दिलं, तर जे टाळायचं तेच वाटीतून पोटात जातं. मटणाच्या आणि पायाच्या सुपाचंही तेच.

आता प्रमाण. तीन पोळ्या, वाटीभर भात, एक वाटी वरण, कपभर दही आणि भाजी यांतच 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. उरलेल्यात बिनहाडाचं, कातडी काढलेलं कच्चं चिकन 75 ग्रॅम बसतं. त्यातून साधारण 16 ग्रॅम प्रथिनं मिळतात. वजन कच्चं असतानाच काट्यावर करा. शिजल्यावर तेच 55 ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं, म्हणून शिजलेलं 75 ग्रॅम वाढलं तर हिशेब चुकतो. चिकनच्या दिवशी अंडं किंवा जास्तीचं वरण नको. कलेजी टाळाच.

पीस बोराएवढे लहान करा, भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि ते पाणी ओतून द्या. मग आलं-लसूण, मिरी, दालचिनीच्या फोडणीत नव्या पाण्यात पूर्ण शिजवा. कुकरमध्ये सगळं एकदम लावलं, तर उतरलेलं सगळं रश्शातच राहतं. वाटणात भाजलेला कांदा घ्या, सुकं खोबरं चमचाभरच. दाटपणासाठी तांदळाचं पीठ लावा. बटाटा घालू नका, टोमॅटोऐवजी लिंबाचे चार थेंब पिळा.

मिठाकडे विशेष लक्ष हवं. दिवसभराचं सगळं मीठ मिळून 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ आधीच असतं, हे हमखास विसरलं जातं. आईंसाठी मसाला बिनमिठाचा वेगळा कुटून ठेवा. ‘लो सोडियम’ मीठ मात्र घरात आणूच नका : त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं आणि रक्तातलं पोटॅशियम 5.3 असताना ते हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकतं.

प्रश्न : भाऊ डायलिसिसवर आहे, वजन 65 किलो. भीतीपोटी तो चिकन खातच नाही. फ्रोझन नगेट्स दिले तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डायलिसिसमध्ये प्रथिनं वाया जातात, त्यामुळे गरज वाढते : किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे त्यांना 65 ते 78 ग्रॅम. चिकन त्यांनी जरूर खावं; 100 ते 120 ग्रॅम कच्चं, वरच्याच पद्धतीने उकळून. नगेट्स आणि सॉसेज नकोत. पाकिटावर 450, 451, 452 हे आकडे दिसले तर ती फॉस्फेटं, म्हणजे वरून घातलेलं फॉस्फरस आहे. साध्या चिकनमधलं फॉस्फरस साधारण निम्मं शोषलं जातं, हे जवळजवळ सगळं. आणि फॉस्फरस बांधणारी गोळी चालू असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यायची; दोन तासांनी आठवून घेतली तर त्या जेवणातल्या फॉस्फरसला ती पुरेशी सापडत नाही.