विचारा डॉक्टरांना : तीळ, टाके आणि रिपोर्टची वाट

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी ४४ वर्षांची, दांडिया बाजारात राहते, शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात पार्लरमधे वॅक्सिंग करताना ती मुलगी सहज म्हणाली, "बेन, पाछळ आ तल मोटो थयो लागे छे." (मागचा हा तीळ मोठा झालाय वाटतं.) डाव्या पोटरीवर मागे आहे, मला स्वतःला नीट दिसतही नाही. घरी येऊन मिस्टरांना फोटो काढायला लावला आणि मग गुगल उघडलं, तिथेच चुकलं सगळं. स्किनच्या डॉक्टरांनी दुर्बिणीसारख्या मशीनने बघितलं, म्हणाले फार काही वाटत नाहीये पण दोन रंग आहेत, काढून लॅबला पाठवू, म्हणजे विषय संपेल. काढला, चार टाके आहेत, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. माझा विषय काही संपला नाहीये. रात्री दोनला उठून टॉर्च लावून बाकीचे तीळ बघते, मोबाईल तिळांच्या फोटोंनी भरलाय, पट्टीने मोजते, मुलीला दर तासाला विचारते हा कालच्यापेक्षा काळा झालाय का गं, ती आता वैतागलीये. त्यात माझी नणंद ब्रिस्बेनला असते, तिचा एक तीळ काढला तर डिस्प्लास्टिक निघाला, ती रोज काही ना काही व्हिडिओ पाठवते. इतके दिवस का लागतात? काही वाईट आहे म्हणून लपवत असतील का? आणि हसू नका, पण नवरात्रीत गरबा खेळता येईल का? — एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, हसायचं काय त्यात, बडोद्यात राहून नवरात्रीचं विचारलं नसतंत तर मला जास्त काळजी वाटली असती.

आधी लॅबचं सांगतो, कारण वाट बघताना माणूस त्या बंद दाराच्या मागे काय काय चाललंय याच्या गोष्टी रचत बसतो. तुमचा तीळ फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून गेलाय. फॉर्मलिन आत मुरून तुकडा पक्का व्हायला बऱ्याचदा एक रात्र जाते, मग त्यातलं पाणी काढून मेण भरायचं मशीन असतं ते पुढची रात्र खातं, मग मेणाचा ब्लॉक बनतो, त्याच्या चार-पाच मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात, काचेवर घेऊन गुलाबी-जांभळा रंग देतात आणि तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपला डोळा लावतात. त्यांना थोडी जरी शंका आली तरी ते ब्लॉक अजून खोल कापायला सांगतात, किंवा पेशी ओळखायचे खास स्टेन मागवतात, किंवा शेजारच्या सहकाऱ्याला म्हणतात जरा बघ रे. यातल्या प्रत्येकाला दोन-तीन दिवस, मधे रविवार आला, सुट्टी आली. म्हणजे उशीर झाला याचा अर्थ वाईट निघालं असा नाही, आणि लवकर आला म्हणजे चांगला असाही नाही, तारखेवरून काहीच कळत नसतं. लपवायचं म्हणाल तर रिपोर्ट छापील येतो, तुमच्या हातात येतो.

दुसरं, डॉक्टरांनी तीळ काढला म्हणजे त्यांना कॅन्सर वाटला असं तुम्ही धरून बसलायत. आम्ही काढून पाठवलेल्या तिळांपैकी बहुतेक साधे निघतात, आणि ते तसंच असायला हवं, कारण फक्त कॅन्सरचेच तीळ काढायचे ठरवले तर काही हातातून निसटतील. रिपोर्टवर इंट्राडर्मल नीव्हस किंवा कंपाउंड नीव्हस असं असेल तर तो साधा तीळ. सेबोरिक केराटोसिस म्हणजे चाळीशी-पन्नाशीनंतर कातडीवर चिकटवल्यासारखे काळे खवले येतात ते, निरुपद्रवी. तुमच्या नणंदेचा डिस्प्लास्टिक म्हणजे मायक्रोस्कोपखाली जरा वेडावाकडा दिसणारा तीळ, तो कॅन्सर नाही, पूर्ण निघालेला असेल तर बऱ्याचदा पुढे फक्त लक्ष ठेवायचं असतं. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल, नणंदेशी रक्ताचं नातं तुमचं नाही, तुमच्या मिस्टरांचं आहे. तेव्हा या व्हिडिओंचा काही उपयोग असलाच तर तो त्यांना, त्यांची पाठ एकदा कोणीतरी बघून घ्या.

ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमधे मेलानोमाचं, म्हणजे तिळासारख्या दिसणाऱ्या कातडीच्या कॅन्सरचं, प्रमाण जगात सगळ्यात जास्त आहे, गोरी कातडी आणि कडक ऊन यामुळे. तिथली सरकारं लोकांना दर थोड्या दिवसांनी घाबरवतात ते बरोबरच करतात. पण ते व्हिडिओ त्या कातडीसाठी बनलेत. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत मेलानोमा दुर्मीळ आहे, शून्य नाही, पण दुर्मीळ आहे, आणि होतो तेव्हा पुष्कळदा भलत्याच जागी होतो, ते खाली तिसऱ्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय.

आता समजा (तुम्ही हे वाचणारच, म्हणून टाळत नाही) रिपोर्ट मेलानोमाचा आला. तर पहिला आकडा बघायचा तो जाडीचा, मिलिमीटरमधे, ब्रेस्लो थिकनेस म्हणतात, १९७० साली ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने ही मोजायची पद्धत दिली. एक मिलिमीटरच्या आत असेल तर साधारण त्याच जागी आजूबाजूची सेंटिमीटरभर कातडी अजून काढतात आणि अशा लोकांपैकी बहुतेक जण पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत असतात. ही जाडी नीट कळावी म्हणूनच शंका असलेला तीळ शक्यतो वरवर न खरवडता पूर्ण काढतात, तुमच्या डॉक्टरांनी तेच केलंय. रिपोर्टबद्दल कधी शंका वाटलीच तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घेता येतात, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला किंवा अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर इन्स्टिट्यूटला दाखवता येतात, परत कापाकापी नाही.

आता रात्री दोनचं. तुम्हाला वाटतंय तुम्ही तपासणी करताय. टॉर्चच्या उजेडात, झोपमोड झालेल्या डोळ्यांनी, रोज तोच तीळ बघून कोणालाच काही कळत नाही, आम्हालाही कळणार नाही. प्रत्येक वेळी बघितलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग वाटतं नीट बघितलं का, मग परत. ती दोन मिनिटं बरं वाटणं हेच पुढच्या वेळेला ओढून आणतं, भीती त्यावरच जगते. मुलीला विचारणंही त्यातलंच, तिने शंभरदा नाही म्हटलं तरी एकशे एकाव्या वेळी तुम्हाला वाटेल तिने नीट पाहिलं नाही. म्हणून मुलीला यातून आजच बाहेर काढा. मिस्टरांशी एक वाक्य ठरवून ठेवा, तुम्ही विचारलंत की त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं, "एक तारखेला बघू", पुढे चर्चा नाही. आणि खरंच महिन्याच्या एक तारखेला, दिवसा, खिडकीपाशी, एकदाच बघा, पाठ आणि पोटऱ्या मिस्टर बघतील, शंका असेल त्या तिळाचा पट्टी शेजारी ठेवून एक फोटो, बस. बाकीचे सगळे फोटो उडवून टाका, वेगवेगळ्या उजेडात काढलेले असतात, त्यात तीळ रोज रंग बदलतोच. पहिले तीन-चार दिवस हात शिवशिवतील, अस्वस्थ वाटेल, ते वाटू द्या, पोळ्या लाटा, कमाटीबागेत चक्कर मारा, वह्या तपासा. नणंदेला सरळ मेसेज टाका की वन्सं, रिपोर्ट येईपर्यंत व्हिडिओ नकोत. म्यूट केलंत तरी चालेल, नातं तुटत नाही.

एक तारखेला बघायचं काय तर ते एबीसीडीई, म्हणजे तिळाच्या पाच खुणा, तुम्ही गुगलवर पाठ केलंच असेल, दोन अर्धे सारखे नाहीत, कडा फाटक्या, रंग दोन-तीन, आकार सहा मिलिमीटरच्या वर म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या रबराएवढा, आणि बदल. माझ्या मते यातलं शेवटचं सगळ्यात कामाचं, बाकीच्या चार गोष्टी कित्येक साध्या तिळांतही असतात. अजून एक, तुमच्या अंगावरचे तीळ साधारण एकमेकांसारखे दिसतात, त्यात एखादाच वेगळा, परक्या घरचा वाटला तर तो दाखवायचा. आणि बरेचसे मेलानोमा जुन्या तिळातून नाही, चांगल्या कातडीवर नव्याने येतात, त्यामुळे असलेला प्रत्येक तीळ मोजत बसण्यात तसाही फायदा कमी.

रिपोर्ट साधा आला आणि तरी भीती उठून दुसऱ्या तिळावर जाऊन बसली, किंवा दोन-तीन आठवडे झोप नाही, शाळेत लक्ष नाही असं झालं, तर मग उपचार तिळाचा नाही, भीतीचा करायचा. सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी यावर चांगली चालते, गरज पडली तर गोळ्याही असतात, सायकियाट्रिस्टकडे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही. मध्यरात्री अगदीच राहवेना तर गुगलऐवजी १४४१६ लावा, टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट.

गरबा. पोटरीचे टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, कारण पाय सतत ताणला जातो. टाके निघाले म्हणजे कातडी जुळली एवढंच, ताकद यायला बरेच आठवडे लागतात. टाके असताना अजिबात नाही, निघाल्यावर आठवडाभर नुसतं चालणं, मग डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटलं तर बाहेरच्या गोलात सावकाश दोन ताळी. उड्या, बैठका आणि गिरक्या पुढच्या वर्षी. चणियाचोळीचा घेर जखमेवर घासला जातो, वर पट्टी लावून जा.

प्रश्न : सर, वय २६, लग्न ठरलंय, नाकाशेजारी मोठा उठलेला तीळ आहे लहानपणापासून. ओळखीच्या पार्लरवाली म्हणते दोन मिनिटात जाळून देते, मित्र म्हणतो तिळाला हात लावला की कॅन्सर होतो, आजी म्हणते चुना आणि सोडा लाव. कोणाचं ऐकू? — म., मांजलपूर

उत्तर : तिघांचंही नको. साध्या तिळाला हात लावल्याने, कापल्याने, दाढी करताना ब्लेड लागल्याने त्याचा कॅन्सर होत नाही, मित्राला सांग. चुना-सोडा म्हणजे कातडी भाजणं, तीळ जाईल आणि लग्नाच्या फोटोत त्याजागी खड्डा येईल, आजीला नमस्कार कर आणि नको म्हण. पार्लरचं मला जास्त खटकतं, कारण जाळलं की लॅबला पाठवायला काही उरतच नाही आणि आधी कोणी डॉक्टरने बघितलेलंही नसतं. स्किनच्या डॉक्टरकडे जा, लहानपणापासून आहे आणि बदललेला नाही म्हणजे बहुतेक साधाच असेल, ते भूल देऊन काढतील, तुकडा बाटलीत घालून तपासायला पाठवा असं तू स्वतःहून म्हण. सयाजी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीतही दाखवता येईल. मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात मात्र जाऊ नकोस, चेहऱ्याचा लालपणा उतरायला काही आठवडे दे. आणि होणाऱ्या बायकोला विचारलंस का, तिला तो तीळ आवडत असेल तर?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सासरेबुवांचं वय ७२, शुगर आहे, बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी आहे. उजव्या टाचेवर काळा डाग आहे, दीड वर्षात पसरत चाललाय, आता मधे चिघळून पाणी येतं. ते म्हणतात कुरूप आहे, हळदीचा लेप लावतात, बायॉप्सीचं नाव काढलं की म्हणतात लोखंड लागलं की पसरतं, आमच्या काकांचं तसंच झालं. घरात कोणाला काही वाटत नाहीये, मलाच वाटतंय. मी उगाच घाबरतेय का? — एक सून, वाडी

उत्तर : नाही. या तीन पत्रांत मला घाबरवणारं पत्र तुमचं आहे, आणि नेमकं त्या घरात सगळे निवांत आहेत. पुढच्या महिन्यात नाही, याच आठवड्यात दाखवा.

सावळ्या कातडीत मेलानोमा होतो तेव्हा तो तळपाय, तळहात आणि नखांखाली जास्त करून सापडतो, जिथे ऊन पोचत नाही आणि कोणी बघतही नाही. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक, त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ साली निघाला, आधी फुटबॉलची जखम समजले होते. १९८१ साली तो गेला, ३६ वर्षांचा होता. सासऱ्यांचं तेच असेल असं मी म्हणत नाहीये, शुगरची जखमही असू शकते, खरंच कुरूप पिकलेलं असू शकतं, पण शुगरवाल्या माणसाच्या टाचेची न भरणारी जखम ही स्वतःच ताबडतोब दाखवायची गोष्ट आहे, म्हणजे काहीही निघालं तरी फेरी फुकट जाणार नाही. हेच जुन्या भाजलेल्या व्रणावर उठलेल्या जखमेचं, आणि कमरेला साडी-धोतराच्या घट्ट गाठीखाली वर्षानुवर्षं काळ्या पडलेल्या कातडीत न भरणारा फोड आला तर त्याचं. टाटा हॉस्पिटलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी धोतराच्या जागी होणाऱ्या कॅन्सरबद्दल १९४५ सालीच लिहून ठेवलंय, आणि आपण अजून गालावरचे तीळ बघतोय.

लोखंडाचं. ही समजूत खोटी असली तरी कुठून आली ते कळतं. लोक लेप लावत इतके उशिरा येतात की रोग आधीच आत पोचलेला असतो, बायॉप्सी होते, त्यानंतर दोन-चार महिन्यांत माणूस जातो आणि घरच्यांच्या लक्षात सुई राहते, आधीचं दीड वर्ष राहत नाही. मेलानोमाची बायॉप्सी केल्याने तो पसरतो असं दिसून आलेलं नाही. काकांच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालू नका, वडीलधाऱ्यांच्या दुःखाशी वाद घालून कोणी जिंकत नाही. त्यांना खोटंही सांगू नका, "बाबा, शुगरच्या पायाची जखम आहे, दाखवून तर येऊ, कापायचं की नाही ते तिथे तुम्ही ठरवा" एवढं पुरेल, आणि हे तुम्ही नाही, मुलाने म्हणू दे, सुनेचं ऐकतील त्याच्याआधी लेकाचं ऐकतील, चिडू नका पण आपल्याकडे असंच आहे. हळदीचा लेप दोन दिवस आधीपासून बंद, पिवळ्या थराखाली काही दिसत नाही. दोन्ही चपला काढून दोन्ही तळवे, बोटांच्या मधल्या जागा आणि सगळी नखं दाखवा, जांघेत गाठ लागते का तेही डॉक्टरांना बघायला सांगा. शुगरची फाइल न्या. रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव आधी सांगा पण ती गोळी स्वतःहून बंद करू नका.