बुळकांडी पाहिलेली माणसं अजून आहेत

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पशुवैद्यकीच्या पदवीनंतर प्रयोगशाळेत जावं की तालुक्याच्या दवाखान्यात, असं विचारलंयस. त्याआधी बुळकांडीचा, म्हणजे गुरांच्या रिंडरपेस्ट या जीवघेण्या साथीचा, इतिहास नीट वाच, असं मी आग्रहाने सांगेन.

तू ती पाहिलेली नाहीस, आणि हे तुझं भाग्य. जनावराला सणकून ताप, डोळ्यांतून धारा, हिरड्यांवर चट्टे, मग दुर्गंधी येणारी हगवण. आठ-दहा दिवसांत अख्खी दावण रिकामी. युरोपातलं पहिलं पशुवैद्यकीय विद्यालय १७६२ साली फ्रान्समध्ये, ल्यों शहरात उघडलं, त्यामागे याच रोगाची दहशत होती.

पण युद्धाच्या अंगाने हा रोग समजून घ्यायचा तर आफ्रिकेकडे बघ. १८८७ च्या सुमारास इटलीच्या फौजेला पोसायला तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात गुरं उतरवली गेली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडीही. दहा वर्षांत ती दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत, जमिनी पडीक राहिल्या, आणि त्या दुष्काळात लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. लढाईच्या इतिहासात सेनापतींची नावं येतात. रसदीची गुरं कुठून आली, याची चौकशी क्वचितच होते. तू ती करत जा.

आपल्याकडे १८८९ साली पुण्यातल्या विज्ञान महाविद्यालयात गुरांच्या रोगांवर संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्ये ती वस्तीपासून दूर, कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तिथेच १९२० च्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी रोगाचा विषाणू एका शेळीतून दुसरीत असा नेत नेत गुरांसाठी सौम्य केला. त्या शेळीच्या लशीवरच १९५४ ची राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. पुढे केनियात प्लोराइट या शास्त्रज्ञांनी पेशीसंवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून, आणखी सुरक्षित लस बनवली.

तरी रोग हटेना, कारण लशीला बर्फ लागतो आणि सुदान-सोमालियाच्या माळावर बर्फ कुठला? उन्हात महिनाभर टिकणारी लस आली, तेव्हा ती टोचायला गुराखीच तयार केले गेले. जिथे यादवी चालू होती, सरकारी डॉक्टर जाऊच शकत नव्हता, तिथे हीच माणसं कळपामागून चालत गेली. सौम्य रूपातला आजार कुठल्या कळपात रेंगाळतोय, हेही पुष्कळदा गुराख्यांकडूनच कळलं. २०११ साली बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: प्रयोगशाळेत खुशाल जा, पण आधी दोन-तीन वर्षं गोठ्यातल्या शेणात उभा राहा. थर्मामीटर लावण्याआधी मालकाला विचार की रवंथ कधी थांबलं, पाण्यावर कधीपासून जात नाही, शेजारच्या दावणीत काय चाललंय. घरातल्या बाईला विचारायला विसरू नकोस. धार बहुतेक तीच काढते, आणि दूध घटल्याचं पहिल्यांदा तिलाच कळतं.

भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. तो काळ पाहिलेले शेतकरी आता म्हातारे झालेत. या सुट्टीत गावी जाशील तेव्हा वही घेऊन त्यांच्याकडे बस. मेलेली जनावरं कुठे पुरली, बाजार किती दिवस बंद ठेवला, लस टोचायला आलेल्याला लोकांनी गोठ्यात येऊ दिलं की हाकललं, सगळं लिहून घे. मला ती वही वाचायची आहे.

तुझा,
काका