कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप: ताकद नेमकी कुठे हवी?

प्रश्न: मुलीला कॅप राउंडमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं. दुकानदार म्हणतो, या ब्रँचला ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच लागतो. कर्ज काढून घ्यावा का? – एक पालक, बार्शी

कर्ज काढू नका. पहिल्या वर्षीचे सी आणि पायथॉनचे प्रोग्राम दहा वर्षं जुन्या मशीनवरही चालतात. पुढे डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (डेटाबेस), ऑपरेटिंग सिस्टिम, वेब डेव्हलपमेंट येतं, तिथेही वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नसते. ते लागतं गेमना, थ्रीडी कामाला आणि एआयमधल्या डीप लर्निंगला. त्याच्यापायी लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास जातो, चार्जर जड होतो, बॅटरी लवकर उतरते, आणि हे ओझं रोज पाठीवर मुलीला वाहायचं आहे.

त्याऐवजी प्रोसेसर नीट बघा. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, पूर्ण मॉडेल नंबर विचारा. इंटेलच्या आय-फाइव्हचे १२३५यू आणि १२४५०एच हे दोघे एकाच पिढीचे. पहिल्यात १० कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), दुसऱ्यात ८, त्यामुळे पहिलाच भारी वाटतो. पण त्या १० पैकी दमदार कोअर २च, बाकीचे वीज वाचवणारे. दुसऱ्यात दमदार कोअर ४ आहेत. यू मूळ १५ वॅटचा, एच ४५ वॅटचा. मोठा प्रोजेक्ट बराच वेळ कंपाइल होत असेल (म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनत असेल) तेव्हा एच पुढे निघतो. यू मात्र कमी तापतो आणि बॅटरीवर जास्त वेळ चालतो. तुमच्या मुलीसाठी मी यू मालिकेतला प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी स्टोरेज निवडेन.

आणि पडदा चालू करून, दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन बघा. स्वस्त मॉडेलांत २५० निट्सचा (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) फिका पडदा सर्रास असतो. तिला त्याच पडद्यावर चार वर्षं कोड वाचायचा आहे. जाहिरातीत पडद्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की सगळं अडकतं. नवा घेऊ? – एसईची (दुसऱ्या वर्षाची) विद्यार्थिनी, नांदेड

लगेच घेऊ नकोस. विंडोज आणि ब्राउझर मिळूनच निम्म्याहून जास्त रॅम खातात. त्यात ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) आले की उरलेला डेटा एसएसडीवर ढकलला जातो. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या मानाने फारच हळू, म्हणून मशीन अडकतं. प्रोसेसरचा यात बहुधा दोष नाही.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघड. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे एसओडीआयएमएम लिहिलं असेल तर रॅमची सुटी स्टिक आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावरच जोडलेली आहे. मग कंपनीच्या साइटवर तुझ्या मॉडेलला मोकळा स्लॉट आहे का, ते तपास. असेल तर आणखी ८ जीबी टाक. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तेवढं बघून घे. स्लॉटच नसेल तर एम्युलेटर बंद ठेव आणि यूएसबी केबलने स्वतःचा फोन जोडून त्यावर ॲप तपास. मोठा भार तिथेच उतरतो.

प्रश्न: एआय-एमएलमध्ये करिअर करायचंय. आरटीएक्स ४०५० पुरेल का? – टीईचा (तिसऱ्या वर्षाचा) विद्यार्थी, पुणे

शिकायला पुरेल. एआयची बरीच कामं ज्यावर चालतात ते क्युडा सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्याच ग्राफिक्स कार्डांवर चालतं, त्यामुळे कार्ड घ्यायचंच तर एनव्हिडियाचं घे. पण लॅपटॉपच्या ४०५०ला ६ जीबीच व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) असते. ७-८ अब्ज पॅरामीटरचं भाषा-मॉडेल ४ बिटांत आवळलं तर त्यात जेमतेम चालतं, पूर्ण ट्रेनिंग त्यावर होणार नाही. गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मिळणाऱ्या टी४ जीपीयूला (ग्राफिक्स चिपला) १६ जीबी मेमरी असते आणि मर्यादित वेळ ती फुकट वापरता येते. एक-दोन प्रोजेक्ट तिथे कर. रोज मर्यादा संपायला लागली की कार्डावर पैसे घाल.

घेताना कार्डाचे वॅट विचार. ४०५० हे एकच नाव ३५ पासून ११५ वॅटपर्यंतच्या मशीनवर असतं आणि वेगात मोठा फरक पडतो. दुकानात हे क्वचितच आपणहून सांगतात.

प्रश्न: मॅकबुक एअर कसा? – विद्यार्थी, कोल्हापूर

बॅटरी आणि बांधणी उत्तम, पंखा नाही त्यामुळे आवाजही नाही. आयफोनची ॲप बनवायची तर मॅक लागतोच. मात्र मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला इंटेलची असेंब्ली भाषा असेल तर ॲपलच्या एआरएम चिपवर ते प्रोग्राम थेट चालत नाहीत. वरच्या वर्गातल्या मुलांना आधी विचार. रॅम नंतर वाढत नाही, तेव्हा १६ जीबीखालचा घेऊ नकोस.

प्रश्न: बजेट २५ हजार. सेकंड हँड घेऊ? – विद्यार्थिनी, परभणी

जरूर घे. ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांचे लॅपटॉप मजबूत असतात, कीबोर्डही चांगले. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचंच बघ, कारण त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. थिंकपॅड टी४८० बहुतेक याच आठव्या पिढीचा असतो, त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत.

पैसे देण्याआधी बायोस (मशीन सुरू होताना उघडणारं मूळ सेटिंग) उघडून बघ. पासवर्ड मागितला तर सोडून दे. विंडोज नव्याने टाकायला लाव. सेटअपमध्ये जुन्या कंपनीचं लॉगिन आलं तर तेही घेऊ नकोस. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही दिसतात. आताची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून माग.