‘लिहिता येत नाही’ आणि ‘हे लिहिता येत नाही’

होळी उलटली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींचा विषय बदलतो. परीक्षेची धास्ती मागे पडते, इंटर्नशिप पुढे येते. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आल्यापासून तर जास्तच. पोर बँकेत जात असो, लॅबमध्ये की वर्तमानपत्रात, वाक्य ठरलेलं: “मॅडम, मला हे जमत नाही. सोडून देऊ का?” मागच्या आठवड्यात एका आईनं फोनवर तेच विचारलं. “रोज रडत घरी येते. काढून घेऊ का तिला?”

त्यांना मी जे सुचवलं, ते मला एका जुन्या केसनं शिकवलं आहे. त्या मुलीचं नाव-गाव सांगत नाही, काही तपशील बदलले आहेत, आणि लिहायच्या आधी तिला विचारलं आहे.

ती पत्रकारितेच्या एम.ए.ला होती. एका दैनिकात दोन महिन्यांची इंटर्नशिप, विषय पर्यावरण. घरातली पहिली पदवीधर. सहाव्या आठवड्यात माझ्यासमोर बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

“मला लिहिताच येत नाही, मॅडम. माझी निवडच चुकून झाली असणार.”

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करणारी. माणसाला प्रसंग जितका छळत नाही तितका त्या प्रसंगाबद्दलचा आपला हट्ट छळतो, यावर माझा विश्वास आहे. तिलाही नापास होण्याची भीती आहे असं मी धरून चालले. ही पद्धत घडवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचा बागेतला किस्सा सांगितला. एकोणीस वर्षांचा, मुलींशी बोलायला घाबरणारा हा पोरगा न्यूयॉर्कच्या एका बागेत जाऊन ओळीनं शंभर जणींशी बोलला. एकच भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. पण त्याची भीती गेली. या किश्श्याला सगळे हसतात. तीही हसली, पाहुण्यांसमोर हसतात तशी. रोज एक कच्चा, फसलेला मजकूर मुद्दाम उपसंपादकांना दाखवायचा, असा गृहपाठ दिला. तिनं तो इमानदारीनं केला आणि काहीही बदललं नाही. सांगितलेलं सगळं निमूट करणारी माणसं समुपदेशकाला फार फसवतात.

तिसऱ्या वेळी मी म्हटलं, “पुढच्या खेपेला आजवर लिहिलेलं सगळं घेऊन ये. छापलेलं, न छापलेलं, फाडलेलं.”

ती पिशवीभर कागद घेऊन आली. हतनूर धरणावर थंडीत उतरणारे पक्षी. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला वाऱ्यापासून वाचवायला कडेनं लावलेली शेवरी. मेहरूण तलाव. आणि रानपिंगळ्यावरचा अर्ध्या पानाचा लेख, जो मी समोर बसूनच पूर्ण वाचला. हे छोटं घुबड १८८४ नंतर पक्क्या पुराव्यानिशी कुणालाच दिसलं नव्हतं. संग्रहालयात १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. पण त्यावरची चिठ्ठीच खोटी निघाली. माइनर्टझहेगन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनाच नमुना चोरून त्यावर नवं ठिकाण आणि नवं साल चिकटवलं होतं. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ते ठिकाण बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या निघाल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. एकशेतेरा वर्षांनी! तिनं हे असं लिहिलं होतं की मी चहा प्यायची विसरले.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच.”

“लिहिता न येणाऱ्या मुलीनं?”

ती गप्प. पिशवीच्या तळाशी एक फाइल राहिली होती. वर लिहिलेलं, ‘गिरणा नदी : वाळू’. आत अकरा कागद. अकराही कागदांवर त्याच दोन ओळी, पुढे कोरं.

“आता मघाचं वाक्य पुन्हा म्हण.”

बराच वेळ गेला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी मध्ये बोलले नाही, आणि ते न बोलणं हेच त्या दिवसाचं माझं सगळ्यात चांगलं काम होतं असं मला आजही वाटतं.

“मला... हे लिहिता येत नाही.”

एका ‘हे’नं केवढा फरक पडतो बघा. ‘लिहिता येत नाही’ हा स्वतःवर दिलेला निकाल असतो, त्याच्यापुढे कुणी काही करू शकत नाही. ‘हे लिहिता येत नाही’ म्हटलं की बोट ठेवायला जागा मिळते. मी लिखाणाबद्दल पुढे एक अक्षर विचारलं नाही. विचारलं, “गिरणेत तुझं कोण आहे?”

“काका.”

आणि मग ती रडली. काकांचे दोन ट्रॅक्टर. कापसात दोन वर्षं मार खाल्ल्यावर घेतलेले, रात्री नदीत उतरणारे. हिची फी काकांनी भरली, होस्टेलचे पैसे काकांनी भरले. वडील गेले त्या दिवशी काका म्हणाले होते, “तू शिक बेटा, पैसानी चिंता नको करू. मी शे ना.” आता संपादकांनी सांगितलं होतं वाळूवर लिही. ती अभ्यास करून बसली होती. पात्रातली वाळू पावसाचं पाणी धरून ठेवते, काठच्या विहिरींना हळूहळू पोचवते. ती उपसली की नदी नुसती वाहून जाते. पाच हेक्टरपेक्षा लहान वाळू गटाला, म्हणजे उपशासाठी दिलेल्या पट्ट्यालाही, पर्यावरण परवानगी लागेल असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच म्हटलेलं आहे. हे सगळं तिला पाठ. आणि काकांची स्वतःची विहीर त्या वर्षी फेब्रुवारीतच तळाला गेली होती, हेही.

तिच्या डोक्यात दोन ‘च’ एकमेकांशी भांडत होते. खऱ्या पत्रकारानं घरच्यांवरही लिहिलंच पाहिजे. आणि ज्यांचं खाल्लं त्यांच्याबद्दल पुतणीनं गप्पच बसलं पाहिजे. दोन्ही हट्ट सारख्याच जोराचे, म्हणून हात हलत नव्हता. ‘मला येत नाही’ म्हटलं की दोन्हींपैकी एकही मोडावा लागत नाही. तिनं स्वतःवर मांडवीची चिठ्ठी चिकटवून घेतली होती, आणि दोन बैठका मीही त्याच चिठ्ठीमागे फिरले. तिला हे म्हणाले तेव्हा ती पहिल्यांदा खरी हसली.

पुढचं काम मग फार नव्हतं. ज्या बातमीत आपलं माणूस गुंतलेलं आहे ती बातमी आपण करू नये, आणि तसं संपादकांना आधी सांगावं, ही या पेशाची रीत आहे. न्यायाधीशही नात्यातला खटला आपल्यापुढे ठेवत नाहीत. मुलांना वाटतं सांगणं म्हणजे कमीपणा. तिची भीती आणखी एक होती, आणि ती रास्त होती: ‘सांगितलं तर काकांचीच माहिती माझ्याकडे मागतील.’ म्हणून आम्ही तीनच वाक्यं ठरवली. माझ्या नात्यातलं कुणी या धंद्यात आहे. ही बातमी मी करणं बरोबर नाही. नाव मी सांगणार नाही, दुसरा विषय द्या. ती माझ्यासमोर पाचसहा वेळा म्हणून गेली.

संपादक म्हणाले, “आधी का नाही बोललीस?” वाळू दुसऱ्या वार्ताहराकडे गेली. तसंही रात्रीच्या नदीकाठी इंटर्नला एकटीला पाठवणं मला कुठल्याच कारणानं पटणारं नाही. तिला धुळ्याकडची पांझरा नदीवरची फड पद्धत दिली. बंधाऱ्याखालच्या रानाचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुणाला कधी ते पाटकरी बघणार. काही पिढ्या गावांनी हे आपसात चालवलं. तो लेख तिच्या नावानं छापून आला.

काकांचं काय, असं मला कार्यशाळेत नेहमी विचारतात. वाळूची बातमी दुसऱ्याच्या नावानं आली त्या सकाळी काकांचा फोन आला. हे तू लिहिलंस का? ती म्हणाली, “नाही. पण त्यात खोटं काही नाही.” काका जरा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, जेवलीस का. ट्रॅक्टर बंद झाले का, ते मी विचारलं नाही. तो माझा प्रांत नाही.

कधीकधी सोडणंच बरोबर असतं, हेही सांगते. अपमान होत असेल, कुणी नको तसं वागत असेल, तर हट्टानं टिकू नका. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही कर्मचारीच धरले आहेत. अशा छळाची तक्रार घेऊन त्या कायद्यातल्या समितीकडे जाता येतं. पण नुसतं ‘जमत नाही’ ऐकून इंटर्नशिप सोडायला लावू नका. आधी पोराला बसवून विचारा: काय काय जमलं? हात नेमका कुठे थांबला?

मागच्या आठवड्यातल्या त्या आईंनी तसं विचारलं. परवा त्यांचा परत फोन आला. मुलगी अकाउंट्सच्या ऑफिसात आहे, काम तिला आवडतंय. रडू येतं ते साडेसहाच्या एसटीमुळे. गावाकडे जाणारी शेवटची गाडी, आणि साहेब सव्वासहाला नवी फाइल पुढे करतात. लवकर सोडा म्हणायचं धाडस होत नाही. ती बुधवारी अकरा वाजता येते आहे. वाक्य एकच ठरवायचं आहे.